पायरीखालचा उजेड

मी एक जुनी गाडी आहे. हे मीच आधी सांगून टाकते, कारण दुसऱ्या कुणी म्हटले की मला राग येतो. मित्रांनो, तुम्ही मला एखाद्या तळ्याकाठी उभी असलेली पाहिलीत, तर चाकांवरचे घर म्हणाल. माझ्या पोटात एक पलंग आहे, दोन बर्नरची शेगडी आहे, बादलीएवढी मोरी आहे आणि दोन माणसांना समोरासमोर बसून भांडता येईल एवढे टेबल आहे. अशा गाडीला लोक कॅम्पर म्हणतात. मी मात्र जन्माने कॅम्पर नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी नुसता एक लांबट डबा होते. पुढे दोन माणसांची जागा आणि मागे सगळी पोकळी. ती पोकळी पाहूनच एका नाटक कंपनीच्या मॅनेजरने मला पसंत केले. पहिल्याच दिवशी माझ्यात एवढे सामान कोंबले की मागचे दार लावायला तिघांना पाठ टेकवावी लागली. पडदे, लाकडी जिने, खोटी झाडे, तलवारी, कपड्यांच्या पेट्या आणि सगळ्यात शेवटी चादरीत गुंडाळलेले दिवे. दिवे शेवटी चढत आणि सर्वांत आधी उतरत. त्यांना धक्का लागलेला चालत नसे.

ते दिवे सांभाळणाऱ्या माणसाला कंपनीत सगळे दिवेकाका म्हणत. आणि कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. या दोघांचे लग्न ठरले, तेव्हा कंपनीतल्या विनोदी नटाला महिनाभर पुरेल एवढे खाद्य मिळाले. काका आणि मावशी यांचे लग्न कोणत्या नात्याने लागते, असे तो ज्याला त्याला विचारत सुटला. लग्न लागले आणि टिकलेही. त्यांची लेक तान्ही असताना माझ्यातच, घडी केलेल्या मखमली पडद्यावर झोपायची. खड्डा आला की मी शक्य तेवढी हळू उतरत असे. गाडीच्या हातात फार काही नसते, पण जे होते ते मी केले.

तीस वर्षे मी त्या कंपनीबरोबर फिरले. एकदा चिखलात सगळ्यांची वाहने अडकली आणि मी एकटी वेळेवर पोचले. मॅनेजर माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "ही आहे म्हणून खेळ आहे." ते वाक्य मी अजून जपून ठेवले आहे. कारण पुढे कंपनी बंद पडली, आणि ज्यांनी थाप मारली त्यांनीच मला नाट्यगृहाच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी नेऊन उभे केले. चार वर्षे मी तिथे होते. टायर जमिनीला टेकले. एक मांजर ड्रायव्हरच्या सीटवर दोनदा व्याली. खरे सांगते, ती पिले होती म्हणून दिवस गेले.

मग एके दिवशी दिवेकाका किल्ली घेऊन आले. त्यांचे केस पांढरे झाले होते आणि हातात काही काम उरले नव्हते. त्यांनी मला घरी नेले. मावशींनी दारातूनच मला खालीवर न्याहाळले आणि विचारले, की घरातल्या दोन खोल्यांचा पसारा आवरत नाही म्हणून ही तिसरी आणलीत का, तीही पळून जाणारी. पण बोलणे निराळे आणि करणे निराळे. आठ दिवसांत त्यांचे शिलाई मशीन माझ्याजवळ अंगणात येऊन बसले. काकांनी पलंग ठोकला, मावशींनी गादीला खोळी शिवल्या. जुन्या कपडेपटातली कापडे त्यांनी जिवापाड जपलेली होती. काका आज ज्या उशीवर डोके ठेवतात, ती पूर्वी एका सेनापतीचा झगा होती.

ही सगळी धडपड कशासाठी होती, ते मला पहिल्या प्रवासात कळले. मित्रांनो, नाटकातल्या माणसांना संध्याकाळ नसते. सगळे जग कामावरून घरी येते तेव्हा ती कामाला लागतात. सूर्य मावळताना ती कुठल्यातरी बिनखिडकीच्या इमारतीत असतात आणि बाहेर येतात तेव्हा मध्यरात्र झालेली असते. त्या दोघांनी तीस-पस्तीस वर्षे संध्याकाळ पाहिलीच नव्हती. म्हणून आम्ही जिथे जाऊ तिथे चार वाजल्यापासून दोन खुर्च्या माझ्या दाराबाहेर मांडल्या जात. बाजूचे कापडी छत उघडले जाई. मावशी हातात काहीतरी टाके घालायला घेऊन बसत आणि आभाळाचा रंग बदलत जाई, तसे दोघे त्यावर वाद घालत. काका म्हणत हा रंग आपण अमक्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात वापरला होता. मावशी म्हणत तो तसा नव्हता, तो कावीळ झाल्यासारखा होता. सहा वर्षे असे चालले. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली वर्षे होती आणि त्या वेळी तसे वाटलेही होते.

सातव्या वर्षी मावशी लवकर आत येऊ लागल्या. सूर्य टेकला की खुर्ची सोडायच्या. डास चावतात म्हणायच्या, गारठा आहे म्हणायच्या, पाठ धरली म्हणायच्या. काकांनी डासांची उदबत्ती आणली, शाल आणली, खुर्चीला उशी बांधली. मला मात्र दिसत होते. आत येताना मावशींचा हात माझ्या पत्र्यावर चाचपडत यायचा. त्यांना संध्याकाळनंतर दिसेनासे झाले होते आणि त्यांनी ते कुणालाच सांगितले नव्हते.

ते कसे बाहेर पडले, हे सांगायला मला अजूनही लाज वाटते, कारण घटना माझ्याच पायरीवर घडली. माझ्या बाजूच्या दाराखाली दोन टप्प्यांची एक लोखंडी पायरी बाहेर ओढायची असते. एका संध्याकाळी मावशी उतरत होत्या. दुसरा टप्पा त्यांना दिसला नाही. मनगट मोडले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, की हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, दिवसा अजून बरीच वर्षे दिसेल, पण अंधारातले हळूहळू जात जाणार आणि यावर औषध नाही.

लेक तातडीने आली. ती दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे तिला घाबरायला जास्त कारणे ठाऊक असतात. तिने गाडी विकून टाका म्हणून सांगितले. काका काही बोलणार तोच मावशींनी लेकीची बाजू घेतली. आपण आत बसणार आणि आपल्यासाठी हेही आत बसणार, त्यापेक्षा घरी बसलेले काय वाईट, असे त्या प्लॅस्टर घातलेला हात मांडीवर ठेवून म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा होता. एक फळवाला मला घ्यायला तयार झाला. पेट्या वाहायला गाडी बरी आहे, म्हणाला. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो येणार होता. काकांनी तेवढ्या मुदतीत एक प्रवास मागून घेतला. मावशींनी नाराजीनेच होकार दिला.

पुढचे चार दिवस काका माझ्यावर चढून, माझ्याखाली झोपून काम करत होते. मावशींना जवळ येऊ देत नव्हते. टपावर दोन मोठे दिवे बसले. छताच्या कडेला छोट्या दिव्यांची रांग लागली. बॉनेटजवळून दोन दिवे दारावर रोखले गेले. समोरून, वरून, बाजूने, एकही कोपरा सुटू दिला नाही. मी खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडले. इतक्या वर्षांत दिवे वाहून नेले, अंगावर पहिल्यांदाच लागत होते.

नदीकाठी एक मोकळे मैदान होते, तिथे आम्ही गेलो. अंधार पडल्यावर काका बाहेर जाऊन उभे राहिले, मावशींना दारात यायला सांगितले आणि हळूहळू उजेड वाढवत नेला. मी अशी झळाळले की पलीकडच्या तंबूतले लोक बाहेर आले. मावशी दारात आल्या. सगळे दिवे त्यांच्या तोंडावर होते. त्यांनी हात कपाळाशी नेला, एक पाय पुढे केला, तो हवेतच ठेवला आणि मागे घेतला. पुन्हा पुढे केला. मग दाराची कड घट्ट धरून त्या तशाच मागे सरकल्या आणि पलंगावर जाऊन बसल्या.

काका खाली उभेच होते. एवढ्यात नदीवरचे सगळे किडे आमंत्रण असल्यासारखे माझ्यावर जमले. काकांच्या कोणत्याही नाटकाला एवढी गर्दी झाली नव्हती. शेजारच्या तंबूतली एक तरुण आई कडेवर मूल घेऊन आली आणि संकोचून म्हणाली, "काका, हे सकाळ झाली समजून खेळायला बसलंय. थोडा उजेड कमी होईल का?" काकांनी सगळे दिवे बंद केले.

सकाळी काका शिडी लावून टपावरचे दिवे उतरवू लागले. स्क्रू एकेक करून डब्यात आपटत होते. मावशी खाली खुर्चीवर बसून ते ऐकत होत्या.

"एवढा उजेड केला, तरी तुला दिसलं नाही?" काका शेवटी वरूनच म्हणाले.

"उजेड दिसला. पायरी नाही दिसली," मावशी म्हणाल्या. "अहो, तुम्ही आयुष्यभर समोर बसणाऱ्यांसाठी दिवे लावलेत. मी कधी समोर बसले? मी विंगेत होते."

काकांचा हात थांबला. मग मावशींनी त्यांना विंगेतल्या दिव्याची आठवण करून दिली. पडद्याच्या आड, अगदी जमिनीलगत, एक छोटा दिवा असायचा. वर पत्र्याचा डबा कापून झाकण केलेले. प्रेक्षकांना तो कधी दिसला नाही, नटांनाही त्याचे अस्तित्व जाणवत नसे. फक्त फरशीचा हातभर तुकडा आणि तिथून जाणारी पावले दिसायची. त्याच उजेडात मावशींनी अर्ध्या मिनिटात राजाचा भिकारी केला होता, वायरींच्या जंजाळातून त्या हजारो वेळा पळाल्या होत्या, आणि कधी पडल्या नाहीत.

"तो तुम्हीच बांधला होतात," मावशी म्हणाल्या. "मी नवीन लागले होते तेव्हा, तिसऱ्या की चौथ्या दिवशी. कुणासाठी बांधला ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मला कळलं होतं."

काका शिडीवरून उतरले. मावशींच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून ते माझ्या पायरीकडे खालून बघत राहिले. मला वाटते, ती पायरी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

घरी परतल्यावर काम नव्याने सुरू झाले आणि या वेळी मावशी साहेब होत्या. कपडेपटाचे ऐकायचे नाही, ही दिवेवाल्यांची जुनी खोड. ती काकांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी सोडली. मावशींचा नियम एकच होता. दिवा दिसता कामा नये, जमीन दिसली पाहिजे. काकांनी बोटाएवढ्या रुंदीच्या दिव्यांच्या पट्ट्या आणल्या, मंद पिवळ्या रंगाच्या. माझ्या अंगाच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने, त्या दाराच्या अलीकडेपलीकडे लावल्या. वर दुधी प्लॅस्टिकचे झाकण बसवले, म्हणजे ठिपके दिसत नाहीत, उजेड सलग पडतो. वायरीसाठी छिद्रे पाडली तेव्हा मला कळ आली, पण काकांनी प्रत्येक छिद्राच्या कडेला गंज लागू नये म्हणून रंगाचा हात दिला आणि पाणी शिरू नये म्हणून वरून लांबीचा लगदा भरला. मोडलेल्या खेळण्याला जपावे तसे ते मला जपत होते.

पायरीवर मात्र अडले. काकांनी पट्टी वरच्या टप्प्यावर लावली. मावशी रोज संध्याकाळी अंगणात माझ्या दारात बसून, पाय खाली-वर करून, पारखायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांना चूक सापडली.

"पाय उचलतो तिथे उजेड कशाला? टेकतो तिथे हवा."

मग प्रत्येक टप्प्याच्या ओठाखाली पट्टी गेली, म्हणजे वरच्या टप्प्याचा उजेड खालच्या टप्प्यावर आणि खालच्याचा जमिनीवर. छताखालीही एक पट्टी लागली, पण खुर्चीत बसले की ती डोळ्यांत यायची. मावशींनी बऱ्या झालेल्या हाताने काळ्या कापडाची चार बोटे रुंद झालर शिवली आणि ती छताच्या कडेला लावली. उजेड कमी-जास्त करायचे बटण काकांनी दाराच्या आत बसवले. तीन दिवस मावशी त्यांना कमी करा, अजून कमी करा, एवढेच सांगत होत्या. काकांना ते फार जड गेले. इतका कमी उजेड त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला दिला नव्हता.

शेवटचा रविवार दोन दिवसांवर आला. लेक शुक्रवारी येऊन आमच्याबरोबर निघाली. आईला पुन्हा बाहेर नेताय म्हणून ती वडिलांवर चिडली होती आणि वाटभर खिडकीबाहेर बघत होती. आम्ही एका तळ्याकाठी थांबलो. खुर्च्या मांडल्या गेल्या, या वेळी तीन. अंधार पडू लागला तशा मावशी सवयीने आत गेल्या. काकांनी बटण फिरवले.

माझ्याभोवती जमिनीवर गवताची एक पट्टी उमटली, बस. दूरवरून पाहणाऱ्याला मी उभी आहे हेही कळले नसते. तळे होते तसेच काळे राहिले आणि वर चांदण्या होत्या तशाच राहिल्या. मावशी दारात आल्या. लेक हात धरायला उठली, तेव्हा काकांनी तिचा पदर... छे, पदर कुठला, तिच्या कोटाची बाही धरली आणि तिला खाली बसवले. ती बाही त्यांनी सोडली नाही.

मावशींनी पहिल्या टप्प्यावर पाय ठेवला. मग दुसऱ्यावर. मग गवतावर. तिथे त्या थांबल्या नाहीत. माझ्या कडेकडेने, मला हात न लावता, मागच्या चाकापर्यंत चालत गेल्या, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल काढला, झटकला, घडी केली आणि परत येऊन आपल्या खुर्चीत बसल्या.

"अजून थोडा वाढवू?" काकांनी विचारले.

"नको. तुमचे पाय दिसतायत. पुरे."

लेक रडत होती. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेली. जाताना पायरीवर वाकून तिने खालची पट्टी बोटाने दाबून पाहिली, घट्ट बसली आहे ना म्हणून. रविवारी फळवाल्याला तिनेच नाही म्हणून कळवले. त्याला दुसरी गाडी मिळाली असे ऐकते. माझ्याएवढी चांगली नसणार.

त्याला आता चार वर्षे झाली. डॉक्टर म्हणाले होते तसेच होत गेले. तो उजेडही मावशींना आता दिसत नाही, हे मला ठाऊक आहे आणि काकांनाही ठाऊक आहे. पण दिसत होते तेवढ्या दिवसांत त्यांच्या पायांनी माझी पायरी, माझी कड, दोरीचे अंतर, सगळे पाठ करून घेतले. रोज संध्याकाळी त्या आतून विचारतात, लावले का. काका लावले म्हणतात. मग त्या उतरतात आणि आभाळाचा रंग काका त्यांना सांगतात. त्या अजूनही तो चूक ठरवतात.

गेल्या आठवड्यात आभाळ भरून आले होते. मावशी आधीच उतरून खुर्चीत बसल्या होत्या. काका आत चहा गाळत राहिले आणि तोवर मिट्ट काळोख झाला. त्यांनी बटण फिरवले, तर काहीच झाले नाही. माझा फ्यूज गेला होता, आतला दिवाही विझला. दोन कप हातात घेऊन काका दारात उभे राहिले. त्यांना पायरी दिसेना, जमीन दिसेना, मावशीही दिसेनात.

"अगं, आज दिवे लागत नाहीयेत."

"मग तुम्ही हलू नका," अंधारातून आवाज आला. खुर्ची सरकली, गवतावर पावले वाजली, जराही न अडखळता पायरीपाशी आली. मावशींनी आधी त्यांच्या हातातले कप एकेक करून घेतले, खाली ठेवले आणि मग हात वर केला. "या. उजवा पाय आधी. हं, टेकला. आता दुसरा."

काका उतरले. मोठ्या रंगमंचाला आणि मोठ्या टाळ्यांना सरावलेला माणूस, एका बाईच्या बोटाला धरून दोन टप्पे उतरला आणि गवतावर उभा राहून किती वेळ तो हात सोडेना.

मित्रांनो, मी पत्र्याची बाई, तुम्हाला काय शिकवणार. पण एवढे मागते. तुमच्या घरातही कुणीतरी संध्याकाळ झाली की डासांचे निमित्त करून आत जाऊन बसत असेल. त्याला डासांची उदबत्ती देऊन मोकळे होऊ नका. त्याच्या जागी जाऊन उभे राहा, आपला पाय त्याच्यासारखा पुढे करून बघा, आणि तो जिथे टेकणार आहे तिथे उजेड ठेवा. दिवा कुणाला दिसला नाही तरी चालेल.

माझा फ्यूज काकांनी दुसऱ्या दिवशी बदलला. मावशी म्हणाल्या, एवढी काही घाई नव्हती.